चंचल मूल, वर्ग आणि आपले कर्तव्य
(ईडन प्रेरी येथील पालक-मेळाव्यातील भाषण)





ज्या प्रश्नाची चर्चा आपल्या घरांत केवळ दबक्या आवाजात होते, त्यावर आज मी बोलणार आहे. वर्गात एका जागी न बसणारे, प्रश्न पुरता होण्याआधीच उत्तर देणारे मूल ‘हट्टी’ किंवा ‘लाडावलेले’ ठरते. खिडकीबाहेर पाहत हरवून जाणारी शांत मुलगी तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. वस्तुतः अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. तीत बुद्धीची उणीव नाही आणि आईबापांच्या संस्कारांचा दोषही नाही.

अशा मुलाला फार मोठे काही लागत नाही. शिक्षकाजवळची जागा, एका वेळी एकच सूचना, लांब गृहपाठाचे लहान भाग, मधूनच उठून हालचाल करण्याची मुभा, परीक्षेत जादा वेळ, चांगल्या वर्तनाची तत्काळ शाबासकी आणि दिवसाअखेर घरी येणारे शिक्षकांचे छोटे टिपण, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

या देशात १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ पात्र विद्यार्थ्याला अशा सोयींचा हक्क देते. गरज अधिक असल्यास १९७५ साली सुरू झालेल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा तयार होतो. त्या कायद्याच्या नियमांत १९९९ साली एडीएचडीचा नामनिर्देशही झाला. पालकांनी मूल्यमापनाची मागणी लेखी करावी. शाळेने नकार दिल्यास तिला कारणही लेखी द्यावे लागते. मिनेसोटात पालकांची संमती मिळाल्यापासून शाळेच्या ३० दिवसांत हे मूल्यमापन, तेही विनामूल्य, पूर्ण व्हावे लागते. औषध सुरू केल्याखेरीज मुलाला शाळेत घेणार नाही, असे शाळेला म्हणता येत नाही; २००४ च्या दुरुस्तीने ते निषिद्ध ठरवले आहे. औषधाचा निर्णय पालकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचा आहे. शेजारच्या ब्लूमिंग्टन येथील, १९७७ साली स्थापन झालेले पेसर सेंटर या कामी पालकांना मार्गदर्शन करते.

मित्रहो, साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागले. तो जातीचा अन्याय होता. इथला प्रश्न निराळा आहे. परंतु वर्गात असूनही वर्गाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. मग ‘लोक काय म्हणतील’ या भयाने आपल्याच लेकराची अडचण लपवणे आपल्याला कसे शोभेल? सर्वांना एकच माप लावल्याने समता येत नाही. ज्याला जे हवे ते त्याला मिळाले, तरच सर्व मुले एका वर्गात खऱ्या अर्थाने शिकू शकतात.

म्हणून माझी विनंती एवढीच, की शिक्षकांच्या पुढील भेटीस आई आणि वडील दोघांनीही जावे, मुलाच्या गुणांपासून बोलणे सुरू करावे आणि त्याच्या गरजा निःसंकोचपणे मांडाव्यात. हे मागणे लाचारीचे नाही, हक्काचे आहे.