नाद, सुख आणि मोल

बंगळूर शहराच्या वायव्य अंगास यशवंतपूर वसले आहे. मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने त्या शहराकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला बंगळूरची पहिली ओळख पुष्कळदा याच स्थानकावर होते. या उपनगराचा शेजारही मोठा अर्थपूर्ण आहे. एका बाजूस भारतीय विज्ञान संस्था. १९३३ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन् तिचे संचालक म्हणून कलकत्त्याहून येथे आले. दुसऱ्या बाजूस जलाहळ्ळी. तेथे १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना निघाला, आणि १९६४ साली त्याने आकाशवाणीसाठी प्रक्षेपक यंत्रे बनविण्यास आरंभ केला. नादाचे शास्त्र आणि नाद दूरवर नेणारी यंत्रे या दोहोंचे सान्निध्य लाभलेल्या या वस्तीत आज नोकरीच्या निमित्ताने आलेला मराठी तरुण एखाद्या लहानशा खोलीत राहतो. भिंती पातळ, शेजारी जवळ, आणि कामावरून परतण्याची वेळ रात्रीची. अशा वेळी एखादा ख्याल किंवा अभंग ऐकावयाचा तर हेडफोनवाचून त्याला दुसरा मार्ग नसतो. मग पगारातला मोठा हिस्सा खर्चून उंची हेडफोन घ्यावा की नाही, आणि घ्यावा तर कोणता, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. नाद कसा, कानाला सुख किती आणि मोल सार्थ होते की नाही, अशा तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार करणे हिताचे ठरेल.

हेडफोन ही वस्तू काही नवी नव्हे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा साध्या स्फटिक-संचावर कार्यक्रम ऐकणारा श्रोता कानाला हेडफोन लावूनच बसे. कारण त्या संचातून निघणारी शक्ती ध्वनिवर्धक हलविण्याइतकी नसे. १९३७ साली जर्मनीतील बायर यांनी हल्लीच्या धर्तीचा, चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचा हेडफोन तयार केला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी खास संगीतासाठी दुहेरी ध्वनीचा हेडफोन विक्रीस आणला. १९६८ साली झेनहायझर कंपनीने मागची बाजू मोकळी ठेवलेला हेडफोन काढला. यांतील तत्त्व मात्र तेच राहिले. विजेचा प्रवाह बदलला की पातळ पडदा पुढेमागे हलतो, हवा हलते, आणि ती हालचाल कानाला स्वर म्हणून जाणवते. मग दोन हजारांचा हेडफोन आणि साठ हजारांचा हेडफोन यांत फरक पडतो तो कोठे? तो या पडद्याच्या इमानदारीत पडतो. दिलेल्या आज्ञेपेक्षा अधिक किंवा उणे न हलणे ही त्याची इमानदारी होय.

ही इमानदारी पारखण्यास आपल्याकडे एक उत्तम कसोटी आहे, ती म्हणजे तंबोरा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाची कंपने सेकंदाला साधारण १३९ असतात, आणि खर्जाची त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. परंतु तंबोऱ्याचे सौंदर्य या मूळ कंपनांत नसून त्यांच्यावर उमलणाऱ्या उपस्वरांत आहे. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू येतो तो उपस्वर उमटूच नये, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्याची रुंद, वळणदार घोडी आणि तिच्यावरचे सूत यांमुळे तो नियम तेथे लागू पडत नाही, आणि उपस्वरांची समृद्धी कायम राहते, हे रामन् यांनी १९२१ साली दाखवून दिले. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरील शाईमुळे चर्मवाद्यातूनही सुसंवादी उपस्वर कसे निघतात, हे त्यांनी १९२० साली मांडले होते. त्याच विषयावरचा त्यांचा विस्तृत निबंध १९३४ साली, बंगळूरच्या वास्तव्यात, प्रसिद्ध झाला.

तेव्हा यशवंतपूरच्या श्रोत्याने हेडफोन पारखताना परदेशी वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका शोधीत बसण्याचे कारण नाही. ओळखीच्या गायकाचे एक चांगले मुद्रण घ्यावे आणि प्रथम नुसता तंबोरा ऐकावा. जवारी मोकळी, रेशमासारखी ऐकू येते की तिला पत्र्याचा कर्कशपणा येतो, हे पाहावे. मग डग्ग्याकडे कान द्यावा. त्याचा घुमारा मीडेसह स्पष्ट उमटावयास हवा. तो फुगून गायकाच्या आवाजावर पसरला, तर त्या हेडफोनमध्ये खालचे स्वर मुद्दाम वाढविले आहेत असे समजावे. पुष्कळ खपाऊ हेडफोनांत हाच दोष असतो, आणि दुकानातल्या दोन मिनिटांत तो दोष गुणासारखा भासतो. शेवटी गळा ऐकावा. गायकाचा श्वास, शब्दाचा उच्चार आणि आकाराचे वळण ही ओळखीच्या माणसाच्या हाकेसारखी नैसर्गिक वाटली पाहिजेत.

या परीक्षेत एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे लागते. दोन हेडफोनांचा आवाज सारख्या पातळीवर आणल्यावाचून त्यांची तुलना करू नये. मनुष्याच्या कानाची खोड अशी की, थोडा मोठा आवाज त्याला थोडा चांगला वाटतो. नाव आणि किंमत यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून कोणता हेडफोन कानावर आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता एखाद्या मित्राकरवी तो लावून घ्यावा; निर्णय पुष्कळदा पालटतो.

दुसरी गोष्ट, हेडफोन कितीही उंची असला तरी मुद्रणात नसलेला नाद तो निर्माण करू शकत नाही. मिरजेत ज्यांचे दीर्घ वास्तव्य झाले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळच्या यंत्रांना वरचे उपस्वर पुरते टिपता येत नसत. अशा मुद्रणासाठी साठ हजार रुपये खर्चणे म्हणजे जुन्या छायाचित्रासाठी नवी भिंगे घेण्यासारखे आहे. खरखर अधिक स्पष्ट होते, गळा होत नाही. त्या गळ्याची थोरवी साध्या हेडफोनातूनही पोहोचते.

आता सुखाचा विचार. हेडफोन ही अंगावर वागवावयाची वस्तू आहे, आणि वजनाचा हिशेब मानेला चुकत नाही. झेनहायझरचा १९९७ साली निघालेला एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा आहे. सोनीचा २०२० सालचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ हा बिनतारी हेडफोन २५४ ग्रॅमचा. ॲपलचा त्याच वर्षीचा एअरपॉड्स मॅक्स ॲल्युमिनियमच्या वाट्यांमुळे ३८४ ग्रॅमवर जातो. ऑडेझीचा एलसीडी-एक्स हा सपाट पडद्याचा, नादाच्या बारकाव्यासाठी नावाजलेला हेडफोन तर ६१२ ग्रॅम भरतो. अर्ध्या तासाच्या ऐकण्यात हा फरक मोठा वाटत नाही. एका विलंबित ख्यालानंतर द्रुत सुरू होईपर्यंत मात्र तो डोक्याच्या माथ्यावर जाणवू लागतो. वजनाइतकाच दाबही महत्त्वाचा. चष्मा लावणाऱ्यास चष्म्याच्या काडीवर गादीचा दाब येऊन कानशील दुखते. शिवाय काडीमुळे राहिलेल्या फटीतून बंदिस्त हेडफोनचे खालचे स्वर निसटून जातात. चामड्यासारख्या कृत्रिम कातड्याची गादी बंगळूरच्या सौम्य हवेत सुखाची वाटेल. तीच वैशाखात नागपूर-चंद्रपुराकडे घामाने असह्य होईल. तेथे मखमली कापडाची गादी बरी. सारांश, एखाद्याच्या डोक्याला जे सुख ते दुसऱ्याच्या डोक्याला असेलच असे नाही. निदान पाऊण तास डोक्यावर ठेवल्यावाचून उंची हेडफोन विकत घेऊ नये.

येथेच मोकळा की बंदिस्त हाही प्रश्न येतो. एचडी ६०० सारख्या मोकळ्या हेडफोनमध्ये नाद डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही, त्याला अवकाश लाभतो. परंतु त्यातून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. ज्या खोलीत दुसरा कोणी झोपला आहे किंवा जिच्या खिडकीशी तुमकूर रस्त्याची वाहतूक वाहते आहे, तेथे त्याचा उपयोग थोडा. प्रवासाला तर तो निरुपयोगीच. प्रवासासाठी गोंगाट निवारणारा हेडफोन हवा. त्याची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. वैमानिकांसाठी १९८९ साली आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी २००० साली ती प्रत्यक्षात आली. हेडफोनवरील सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा गोंगाट टिपतो, यंत्र त्याच्या नेमक्या उलट लाट निर्माण करते, आणि दोन्ही लाटा एकमेकींना जिरवितात. आगगाडीची एकसारखी घरघर यामुळे चांगली शमते. चहावाल्याची आरोळी किंवा इंजिनाची शिटी मात्र तितकी शमत नाही, कारण अशा अचानक आणि उंच ध्वनींचा पाठलाग यंत्राला साधत नाही. रस्ता किंवा रूळ ओलांडताना हे साधन कानांवर नसावे, हे तर सांगावयासच नको.

राहिला मोलाचा प्रश्न. किंमत वाढली की नाद त्या प्रमाणात सुधारतो, असा सार्वत्रिक समज आहे. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून निष्कर्ष काढला की, खालपासून वरपर्यंतच्या स्वरांना हेडफोन कसा प्रतिसाद देतो, याचा त्याच्या किमतीशी संबंध आढळत नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखेच, असा मात्र नव्हे. स्वरांचा समतोल किमतीवरून ओळखता येत नाही, तो कानांनीच पारखावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. अधिक पैसा जातो तो धातू, घडण, बिनतारी जोडणी, गोंगाट-निवारण आणि नाव यांच्यासाठी. यांतील पहिल्या चार गोष्टींची गरज असेल त्याने त्यांचे पैसे अवश्य द्यावेत. पाचवीचे मोल ज्याने त्याने ठरवावे. भारतात आला तेव्हा सोनीच्या त्या हेडफोनची किंमत २९,९९० रुपये होती, आणि ॲपलच्या हेडफोनची ५९,९००. दुप्पट पैशांत दुप्पट नाद मिळाला, असे कोणताही प्रामाणिक कान म्हणणार नाही.

मोलाचा दुसरा हिशेब वर्षांचा आहे. बिनतारी हेडफोनात लिथियमची बॅटरी असते आणि काही शे वेळा भारित केल्यावर तिची क्षमता उतरू लागते. ती बदलून मिळण्याची सोय नसेल, तर नाद शाबूत असताना वस्तू टाकावी लागते. तारेच्या हेडफोनला हे मरण नाही. एचडी ६०० ची तार, गाद्या, इतकेच नव्हे तर आतले बरेच भाग बदलता येतात. मात्र त्याचा विद्युत्-अवरोध ३०० ओहम असल्यामुळे पुष्कळ मोबाइलना तो पुरेशा जोराने वाजविता येत नाही, आणि कित्येक मोबाइलना आता तार जोडावयाचे छिद्रच उरलेले नाही. तेव्हा लहानशा वर्धकाचा खर्च त्यात धरावा लागतो. तो धरूनही, घरी बसून ऐकणाऱ्यास दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने तारेचा मोकळा हेडफोन बहुधा स्वस्त पडतो. रोज मेट्रोने आणि सुटीत आगगाडीने जाणाऱ्यास गोंगाट-निवारक हेडफोन घेणे शहाणपणाचे ठरते. दोन्ही कामे एकाच वस्तूने साधावयाची, तर नादाच्या अंगी थोडी तडजोड पत्करावी.

या सर्व हिशेबात एक वस्तू अशी आहे की, जिची किंमत दुकानात लावता येत नाही आणि जी गेल्यास पुन्हा विकत मिळत नाही. ती म्हणजे श्रोत्याचा स्वतःचा कान. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकला तर चालण्यासारखे आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो, आणि ९० डेसिबलला तो आठवड्याला अवघा ४ तास उरतो. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत नेणारा प्रवासी ही मर्यादा नकळत ओलांडतो. म्हणून गोंगाट-निवारणाची खरी किंमत चैनीत मोजू नये, ती कानाच्या आयुष्यात मोजावी. बाहेरचा गोंगाट शमला की लहान आवाजही पुरेसा होतो.

मिरजेच्या कारागिरांनी बनविलेल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या शहरातला कारागीर जवारी लावताना घोडी किंचित घाशी, तार छेडी, कान देई, आणि पुन्हा घाशी, हीच परंपरेची रीत. त्याच्या हातात साधन साधे असते. पारख कानात असते. यशवंतपूरच्या खोलीतील तरुणाने वा गावाकडच्या ओसरीवरील श्रोत्याने हेडफोन निवडताना हीच रीत अनुसरावी. आधी कान तयार करावा, तो जपावा, आणि मग त्याला शोभेल असे साधन आपल्या ऐपतीत शोधावे. अशा कानाला मध्यम किमतीचा चांगला हेडफोनही तंबोऱ्याचे सगळे वैभव दाखवील. आणि अधूनमधून तो काढून ठेवून, प्रत्यक्ष बैठकीत, चार माणसांच्या सोबतीने गाणे ऐकण्याची इच्छाही त्याच्या ठायी जागी राहील.