औषध एक, देह अनेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शिरवळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकशास्त्रासारख्या विषयावर एका कापड व्यापाऱ्याने बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मलाही ते वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य मीटर आणि ताग्यांच्या हिशोबात गेले. परंतु विश्वस्तांनी विषय विचारला तेव्हा आमच्या घरात जे घडले, त्यावाचून दुसरे काही सुचेना. त्यानंतर डॉक्टरांना विचारून आणि जमेल तसे वाचून जे समजले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

2014 सालची गोष्ट. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांना दुकानातच छातीत कळ आली. पुण्यास नेऊन अँजिओप्लास्टी केली, स्टेंट बसवला. घरी येताना इतर औषधांबरोबर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या दिल्या होत्या. वहिनी त्या वेळेवर देत, यात एक दिवसही खंड पडला नाही. पुढे दादांच्या पोटात आग पडू लागली. मला आम्लपित्ताचा जुना त्रास, त्यामुळे ओमेप्राझोलची पट्टी माझ्या गल्ल्यात नेहमी असे. ती मी त्यांना दिली आणि रोज सकाळी एक घ्या म्हणालो. कोणास विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे असे वाटलेच नाही. तीन आठवडे होण्याच्या आतच स्टेंटमध्ये गुठळी होऊन दादा पुन्हा अतिदक्षता विभागात दाखल झाले.

या वेळी ज्या डॉक्टरांनी त्यांना वाचवले, त्यांनी एकच प्रश्न विचारला : "दिलेल्या औषधांखेरीज हे आणखी काय घेतात?" मी खिशातून ती पट्टी काढली. ती काढताना माझा हात कसा झाला होता, ते मी येथे सांगत नाही.

डॉक्टरांनी जे समजावले, ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. इचलकरंजीच्या मागावरून उतरलेले ग्रे कापड आपण तसेच गिऱ्हाइकापुढे ठेवत नाही. ते प्रोसेस हाऊसला जाते, धुतले जाते, रंगवले जाते, मग ते विकण्याजोगे होते. क्लोपिडोग्रेल हे असे ग्रे कापड आहे. गोळी पोटात गेली म्हणून ती लागलीच काम करीत नाही. यकृतातील काही विकरे, म्हणजे एन्झाइम, तिच्यावर प्रक्रिया करतात, तेव्हा तिचे औषध बनते. त्या विकरांपैकी मुख्य आहे सीवायपी2सी19. हे विकर तयार करण्याची आज्ञा ज्यात लिहिलेली असते, त्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. (मी जनुक हाच शब्द वापरणार आहे. जीन म्हटले की माझ्या गिऱ्हाइकांना पॅन्ट आठवते, आणि या सभागृहात तर जिन या शब्दाला निराळेच स्थान आहे!) दादांची रक्तचाचणी केली असता त्यांच्या दोन्ही प्रती निकामी निघाल्या. प्रोसेस हाऊसमधले ते मुख्य यंत्र जन्मापासूनच बंद, आणि सत्तर वर्षांत त्याचा पत्ता लागण्याचे कारणच पडले नव्हते. ओमेप्राझोलही त्याच यंत्राची जागा अडवते. थोडेफार काम होण्याची जी आशा होती, तिच्या वाटेत मी दिलेली कॅप्सूल उभी होती. गुठळीत जनुकाचा वाटा किती आणि माझ्या पट्टीचा किती, हे ठरवता येत नाही असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते माझे समाधान व्हावे म्हणून सांगितले असेल. माझे झालेले नाही.

दादांना मग टिकॅग्रेलॉर हे औषध सुरू केले. त्याला यकृतातील या प्रक्रियेची गरज लागत नाही. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल दिले; या बाबतीत त्याचा अडथळा पुष्कळ कमी. आज ते पहिल्या रांगेत बसून माझे भाषण ऐकत आहेत.

ही काही लाखात एखाद्याची कथा नाही. दोन्ही प्रती निकामी असलेले लोक युरोपीय वंशात शंभरात दोन-तीन आढळतात. भारतीयांत ते प्रमाण दहाच्या घरात जाते आणि निदान एक प्रत सदोष असलेले तर निम्म्याच्या आसपास. माझी स्वतःची एक प्रत तशीच निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 साली या गोळीच्या वेष्टनावर ठळक चौकटीत तसा इशारा छापावयास लावला. तरीही प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावीच असा सर्वत्र नियम नाही, कारण बहुतेकांना हे औषध उपयोगी पडतेच. येथून घरी जाऊन कोणी आपली क्लोपिडोग्रेल बंद केली, तर त्याचे पाप माझ्या माथी लागेल. तसे कोणीही करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे, इतकेच.

काही औषधांत याच्या उलट घडते. कोडीन यकृतात गेल्यावर त्याचे काही अंशी मॉर्फिन होते. काहींच्या शरीरात हे यंत्र इतके वेगाने चालते की साधी मात्राही घातक ठरते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही बालके दगावली, तेव्हा 2013 साली त्यावरही तसाच चौकटीतला इशारा आला.

आता आपल्यासारख्याच एका व्यापारी समाजाचे उदाहरण सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वी श्वासनलिकेत नळी घालावयाची असते, त्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सामेथोनियम नावाचे इंजेक्शन देतात. त्याचा अंमल काही मिनिटांचा असतो, कारण रक्तातील एक विकर त्याचा निकाल लावते. ज्यांच्यात ते विकर काम करीत नाही, त्यांचे स्नायू तासन् तास लुळे राहतात आणि तोवर कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. वर्नर कालो या संशोधकाने 1950 च्या दशकात हा दोष आनुवंशिक असल्याचे दाखवले, आणि औषध व आनुवंशिकता यांच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्याची गणना होते. आपल्या देशात हा दोष वैश्य समाजात विशेष आढळतो. 2006 साली त्यामागचा जनुकातील नेमका बदलही प्रसिद्ध झाला. त्या समाजात काही पाप घडले होते काय? मुळीच नाही. पिढ्यान् पिढ्या विवाह आपसांतच होत राहिले, आणि कोणा एका पूर्वजाचा दोष तिजोरीच्या किल्लीसारखा घरातल्या घरात फिरत राहिला. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांनी 1990 च्या दशकात अग्रवाल समाजातील मुलांच्या एका आनुवंशिक मेंदूविकाराची नोंद केली, तीही याच जातीची. आपलाही समाज लहान आणि सोयरिकी ठरावीक गावांच्या. मग आपल्या घरांतून काय फिरत असेल, हे पाहावयास नको काय?

याला माणूसच लागतो असेही नाही. आपल्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांच्या जंतांवर आणि गोचिडांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन आपल्या शेतकरी बंधूंना चांगले परिचित आहे. कोली जातीच्या कुत्र्यांना मात्र त्याची मोठी मात्रा विषासारखी बाधते. औषधाला मेंदूत शिरू न देणारा पहारेकरी त्यांच्यातील अनेकांत नसतो. त्याचे जनुक सदोष असल्याचे 2001 मध्ये उघड झाले. गिधाडांची गोष्ट तर आपल्या पांजरपोळांशी निगडित आहे. गायीला आणि माणसाला चालणारे डायक्लोफेनॅक गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करते. ते औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन ती लाखोंनी मेली. जनावरांसाठी त्याचा वापर 2006 साली बंद करण्यात आला. गायीवर दया म्हणून दिलेले ते औषध होते.

दादांच्या दुसऱ्या अँजिओग्राफीत डॉक्टरांनी पडद्यावर केसासारख्या बारीक रेषा दाखवल्या. हृदयाची आणखी एक रक्तवाहिनी बऱ्याच वर्षांपासून अरुंद होत गेली होती आणि तिच्या आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी वाढून रक्त पुढे पोहोचवले होते. खंबाटकी घाट तुंबला की माहीतगार ड्रायव्हर लोणंदच्या रस्त्याला वळतात, तसे. हे शरीराला कोण सांगते? पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की त्या व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि त्या हाकेसरशी नव्या रक्तवाहिन्यांना अंकुर फुटतात. प्राणवायूची ही उणीव पेशी कशी ओळखते, ते शोधून काढणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हीच हाक डोळ्यात उठली तर? आमच्या वहिनींना मधुमेह आहे. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म वाहिन्या बुजतात, पडदा उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ सोडतो. तेथे उगवलेल्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्या फुटतात आणि दृष्टी झाकोळते. वहिनींना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा आम्ही जागे झालो. त्यांच्या डोळ्यात बेव्हॅसिझुमॅबची इंजेक्शने दिली. हे औषध मुळात कर्करोगाचे. कर्काची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, त्या तोडल्या तर तिची वाढ खुंटेल, असे अमेरिकेतील डॉ. जुडा फोकमन यांनी 1971 साली मांडले. त्या वेळी अनेकांनी त्यांची थट्टा केली. त्याच विचारावर उभे असलेले हे व्हीईजीएफला बांधून ठेवणारे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. पुढे नेत्रतज्ज्ञांनी त्याचा किंचित अंश डोळ्यात देऊन पाहिला आणि असंख्य लोकांची दृष्टी राहिली. कर्करोगाच्या एका कुपीतून डोळ्यासाठी अनेक मात्रा निघतात, म्हणून ते परवडतेही. हृदयात मात्र उलट, नव्या वाहिन्या उगवाव्यात म्हणून हेच प्रथिन देण्याचे प्रयोग झाले. त्यांनी फारसे हाती दिले नाही. एकाच घरात नवऱ्याच्या हृदयाला नवी वाहिनी हवी आणि बायकोच्या डोळ्याला ती नको!

हे इंजेक्शन कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही, हे आधी सांगणारी विश्वासार्ह जनुक-चाचणी मात्र अद्याप नाही. वहिनींच्या एका डोळ्याला चांगला गुण आला, दुसऱ्याला कमी. जनुक पाहून सारे काही कळते अशी जाहिरात करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे. मानवी जनुकसंचाचे वाचन 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, परंतु त्यानंतरचा बहुतांश अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला. आपल्या देशातील 10,000 व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली होण्यास 2025 साल उजाडले.

शिवाय माणूस म्हणजे केवळ जनुके नव्हेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींमध्ये जीवनसत्त्व ब-12 कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. आपल्याला ते मिळते मुख्यतः दुधातून. त्यातच मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास ब-12 आणखी घटते. आपल्यात ही गोळी घेणारे किती आहेत, हे हात वर करावयास सांगितले तर कळेल. हातापायांना मुंग्या येतात म्हणून आपण साखरेला दोष देत बसतो. आहार बदलण्याचे कारण नाही. रक्त तपासून ब-12 ची गोळी घेता येते.

माझी विश्वस्तांना एक विनंती आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. आजपासून ट्रस्टच्या कार्यालयात प्रत्येक कुटुंबासाठी एक वही मिळेल. तीत घरातील कोणाला कोणते औषध बाधले, भूल दिल्यावर कोण उशिरा शुद्धीवर आले, कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला, सध्या कोण काय घेतो, हे लिहावे. चूर्ण-काढेही लिहावेत, ते औषध नव्हे असे समजू नये. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्यावी. ही वही आपल्या कपाटात राहील, कार्यालयात नाही. आणि मुलामुलींच्या बायोडाटाला जोडण्यासाठी ती मुळीच नाही. तसे कोणी मागितले, तर मला येऊन सांगावे.

आमच्या वहीचे पहिले पान मी लिहिले आहे. त्यावर ओमेप्राझोल आहे, तारीख आहे आणि देणाऱ्याचे नाव आहे. दादा म्हणाले, नाव कशाला लिहितोस? मी ते खोडलेले नाही. जय जिनेंद्र.