प्लास्टर निघाल्यानंतर
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



हाड मोडले किंवा सांधा दुखावला म्हणजे आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, ‘आता हात हलवू नका.’ या वाक्यात माया आहे. परंतु मायेनेही अपाय होतो, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे. माझ्या मातोश्रींचे मनगट मोडले होते. यथाकाल प्लास्टर निघाले. हाड उत्तम सांधले होते. तरीही आम्ही मुलासुनांनी त्यांना पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही. हात कित्येक महिने झोळीतच राहिला. परिणामी खांदा आखडला आणि आपला अंबाडा आपल्या हाताने घालणे त्यांना पुन्हा कधीही जमले नाही.

वापरावाचून स्नायू क्षीण होतो आणि न हललेल्या सांध्याभोवतीचे आवरण आक्रसते. प्लास्टर हाडाला आधार देते. गेलेले बळ परत आणण्यास व्यायामच हवा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी गुडघे दुखावलेल्या सैनिकांकडून वजने उचलून घेतली. मात्र ती मोजून आणि क्रमाक्रमाने वाढवीत. १९४५ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. १९४८ साली सांगितलेली त्यांची सुधारित रीत अगदी सोपी होती. जे वजन कसेबसे दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊण वजनाने दहा वेळा आणि अखेर पूर्ण वजनाने दहा वेळा व्यायाम करावयाचा. आठवड्यागणिक बळ वाढले की वजनही वाढवावयाचे.

आपल्या घरी वजनांची गरज नाही. मनगट प्लास्टरमध्ये असतानाही, डॉक्टरांच्या संमतीने, बोटे, कोपर व खांदा हलविता येतात. पुढे भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे, मऊ चेंडू दाबणे, असे व्यायाम सुरू होतात. थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु वेदना दुसऱ्या दिवशीही वाढलेली राहिली, नवी सूज आली किंवा बधिरपणा वाटला, तर थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

माझी विनंती एवढीच की, प्लास्टर काढून घरी परतण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, ‘आता कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा आणि किती आठवडे?’ आणि घरातील वडीलधाऱ्यांचे ते व्यायाम होईपर्यंत रोज कोणीतरी त्यांच्याजवळ बसावे. आमच्या घरी हे घडले नाही. आपल्या घरी घडावे, अशी इच्छा आहे.