पायऱ्यांचे शहर : चोंगचिंग

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा आमचा विषय आहे चीनमधील चोंगचिंग हे डोंगरी शहर. तिथे गगनचुंबी इमारती आहेत, झगमगाट आहे. एके ठिकाणी तर रेल्वे राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. पण आज आम्ही आपल्याला तिथल्या जुन्या गल्ल्यांत आणि बुद्धस्थळी नेणार आहोत. सोबत एक प्रश्न घेऊ : शहराचा इतिहास जपायचा म्हणजे नेमका कोणाचा इतिहास जपायचा?

यांगत्से आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावर, डोंगराच्या सोंडेवर हे शहर वसले. नदीकाठी खालचे शहर, माथ्यावर वरचे शहर आणि मध्ये दगडी पायऱ्या. बंदरात उतरलेला माल वर न्यायचा तर माणसाच्या खांद्याशिवाय गत्यंतर नव्हते. बांबूचा दांडा आणि दोर घेऊन ओझी वाहणाऱ्या या हमालांना तिथे 'बांगबांग' म्हणतात. १९८० नंतर आसपासच्या खेड्यांतील असंख्य शेतकरी पोटासाठी या कामात आले. पुढे पूल, रस्ते, सरकते जिने आणि घरपोच सेवा आल्या. आज हे हमाल थोडेच उरले आहेत, आणि तेही बहुतेक वयस्क.

'शिबाटी' म्हणजे अठरा पायऱ्या. वरच्या व खालच्या शहराला जोडणारी ही जुनी वाट. नावात अठरा असल्या तरी चढू लागल्यावर मोजदाद केव्हाच सुटते. इथे चहाची दुकाने, न्हावी, चपला शिवणारे आणि गरिबांची घरे होती. ती वस्ती हलवली गेली. जुनी घरे पाडून जुन्याच धर्तीवर नवी बांधली आणि २०२१ साली ही वाट पर्यटकांसाठी खुली झाली. आता ती नीटनेटकी दिसते. गळक्या घरात कोणी कायम राहावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भिंती जुन्यासारख्या उभ्या केल्या आणि माणसे मात्र निघून गेली, तर जपले ते काय?

याच भागाने मोठे दुःख पाहिले आहे. जपानी आक्रमणाच्या काळात चोंगचिंग ही चीनची युद्धकालीन राजधानी होती. १९३८ पासून तिच्यावर वर्षानुवर्षे बाँब पडले. ५ जून १९४१ च्या रात्री भुयारात आसरा घेतलेली शेकडो माणसे गुदमरून मेली. त्या भुयाराचे एक तोंड शिबाटीच्या बाजूला होते. त्या काळात या शहराचा महाराष्ट्राशीही संबंध आला. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. येनानला जाण्यापूर्वी हे पथक चोंगचिंगला थांबले होते. डॉ. कोटणीस मायदेशी परतलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले.

शहराच्या मध्यभागी उंच इमारतींच्या गराड्यात लुओहान मंदिर आहे. लुओहान म्हणजे अर्हत. अकराव्या शतकातील या स्थानाची युद्धात राखरांगोळी झाली, पुन्हा बांधणी झाली. सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा मोडतोड झाली. आजचे पाचशे अर्हत १९८० च्या दशकात नव्याने घडवलेले आहेत. दोनदा मोडले, तरी श्रद्धावान माणसे उरली म्हणून ते पुन्हा उभे राहिले.

शहराच्या पश्चिमेला, मोटारीने दीड-दोन तासांवर दाझूची कोरीव शिल्पे आहेत. १९९९ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथील बाओदिंग डोंगरावर बाराव्या-तेराव्या शतकांत झाओ झीफेंग या भिक्खूच्या पुढाकाराने काम झाले. महापरिनिर्वाणाची एकतीस मीटर लांब मूर्ती पाहून मस्तक नमते. पण मन खिळते ते शेजारच्या साध्या माणसांपाशी. लेकराला कोरड्या जागी निजवून स्वतः ओल्यात झोपणारी आई, कोंबड्यांचे खुराडे उघडणारी बाई, बैलाला वळण लावणारा गुराखी. नरकयातनांची दृश्येही तिथे आहेत; ती आपल्या विवेकाला पटणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही बुद्धाच्या शेजारी कष्टकऱ्याला जागा द्यावी, ही बुद्धी त्या कारागिरांना झाली, हे विसरता येत नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या खडकावर मिळाले. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही सुताराचे दान शिलालेखात नोंदलेले आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही शहर वा लेणे पाहाल तेव्हा दगड कोणी वाहिला आणि पायरी कोणी झिजवली, हे अवश्य विचारा. घरातील वृद्धांकडूनही त्यांच्या कष्टांची हकिकत ऐकून वहीत लिहून ठेवा. हमालाचे नाव इमारतीवर कोरले जात नाही. ते टिकवणे आपल्याच हाती आहे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम! नमो बुद्धाय!