सहलीपूर्वीची एकट्याची फेरी
(शहागंज येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सहलींचे दिवस जवळ येत आहेत. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शाळांची सहल छत्रपती संभाजीनगरास येते, आणि महानगरपालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालय तीत बहुधा असतेच. आज आपण शहागंजात जमलो आहोत. येथून ते उद्यान फार दूर नाही, आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या तर ते जवळच आहे. मुलांस तेथे आणण्यापूर्वी शिक्षकाने एक संपूर्ण दिवस एकट्याने तेथे घालवावा, एवढीच सूचना मला आज करावयाची आहे.

सहलीच्या दिवशी शिक्षकाचे अर्धे लक्ष मुले मोजण्यात जाते आणि उरलेले डबे, पाणी व परतीची गाडी यांत. अशा वेळी पिंजऱ्यापुढे एखाद्या मुलाने प्रश्न विचारला, तर ‘चला, पुढे चला’ हेच उत्तर तोंडी येते. एकटा गेलेला शिक्षक मात्र एका पिंजऱ्यापुढे अर्धा तास स्वस्थ बसू शकतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधून ठेवू शकतो.

वाघाचेच पाहा. येथील वाघांची कीर्ती दूरवर गेली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘शक्ती’ व ‘करिश्मा’ ही जोडी येथूनच मुंबईस, भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात पाठविण्यात आली. मुले वाघ पाहण्यासाठी आतुर असतात. पण भर दुपारी तो सावलीत निजलेला असतो. मग निराश झालेली मुले ओरडतात, कोणी खडा मारतो. वाघ सकाळी व सायंकाळी अधिक हिंडतो, उन्हाच्या तापात विसावा घेतो, हे शिक्षकाने स्वतः पाहिले असेल, तर तो मुलांस वाघाकडे सकाळीच नेईल. प्राण्यास चिडविणे, इजा करणे, परस्पर खाऊ घालणे वा गोंगाटाने त्रास देणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे, हेही तो आधी वर्गात सांगून ठेवील. पांढरा वाघ दिसला, तर ती निराळी जात नव्हे, हे त्यास ठाऊक असावे. आईबाप दोघांकडून एक विशिष्ट आनुवंशिक गुण आला, म्हणजे आपल्याच पट्टेरी वाघाचे पिलू पांढरे निपजते.

परंतु माझा खरा आग्रह सर्पालयाविषयी आहे. वाघ आपल्या मुलांच्या वाटेत सहसा येणार नाही. साप मात्र शेताच्या बांधावर, सरपणाच्या ढिगात, प्रसंगी अंथरुणाशीही येईल. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. धामण बिनविषारी असून उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हितच करते. तरी नाग समजून ती मारली जाते. मण्यार व बिनविषारी कवड्या यांत तर जाणतेही फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे अधिक ठळक असतात, तर कवड्याचे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. काचेआड त्या दिवशी जे साप असतील, ते न्याहाळून त्यांची चित्रे वहीत काढावीत. मात्र मुलांस ओळख शिकवावयाची ती दुरून पाहण्यापुरती. कोणताही साप हाताळावयाचा नाही, हा नियम पक्का असावा.

याच जागी आणखी एक पाठ द्यावा. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते आणि दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून खाटेवर वा मच्छरदाणी नीट खोचून निजावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. हा पाठ पुस्तकातून वाचलेले मूल कदाचित विसरेल. काचेपलीकडचा जिवंत साप पाहत ऐकलेले मूल घरी जाऊन तो आईस सांगेल, आणि एखादे वेळी त्यामुळे एका घरातील माणूस वाचेल.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. निघण्यापूर्वी साप्ताहिक सुटीचा वार विचारून घ्यावा. मिटमिटा येथे नवे प्राणिसंग्रहालय उभारण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतलेले आहे. तेव्हा कोणते प्राणी कोठे आहेत, याचीही चौकशी करावी. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व मुलांस बसविण्याजोगी सावली कोठे आहे, ते पाहून ठेवावे. प्राण्यांची निगा राखणाऱ्या सेवकांशी आदराने बोलावे. प्राणी केव्हा खातो, केव्हा रुसतो, हे त्यांच्याइतके कोण सांगणार? शेवटी प्रत्येक पिंजऱ्यासाठी एक याप्रमाणे, डोळ्यांनी पाहूनच उत्तर देता येईल असे प्रश्न लिहून आणावेत. मगर तोंड उघडे टाकून का पडली आहे? दोन वाघांचे पट्टे सारखे आहेत काय?

बंधुभगिनींनो, या फेरीस एका रजेचा दिवस व गाडीभाडे लागेल, हे मी जाणतो. पण पालक आपले मूल आपल्या हाती सोपवितात, ते त्याला काही दिसावे म्हणून. दाखविणाऱ्याने ते आधी पाहिलेले असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.