इंग्रजीच्या शिक्षकाला सोबत हवी

(पुणे येथे झालेल्या सहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आदिवासी मुलांविषयी आपण या मेळाव्यांत नेहमी ऐकतो. आज मी त्यांच्या शिक्षकाविषयी, त्यातही आश्रमशाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाविषयी बोलणार आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. निवृत्त झाल्यापासून आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात, आणि वर्षातून एकदा नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात जाऊन, तिथल्या शिक्षकांबरोबर बसते. मी वर्ग घेत नाही. सरांच्या आणि मॅडमच्या शेजारी बसून पुढच्या आठवड्याचा धडा तयार करते. तिथे जे पाहिले, ते आपल्यापुढे ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्या एक कोटी पाच लाख, म्हणजे राज्याच्या सुमारे सव्वानऊ टक्के आहे. 2000 सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पुण्यातल्या मुलासाठी ती दुसरी भाषा झाली. अक्राणीतल्या मुलाचे तसे नाही. तो घरी पावरी किंवा भिली बोलतो. शाळेत आल्यावर त्याला आधी मराठी शिकावी लागते, आणि मराठी जेमतेम कळू लागते तोवर त्याच मराठीतून त्याला इंग्रजी समजावले जाते. मेळघाटातल्या मुलाची कोरकू तर मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी तिचे नातेच नाही. अशा मुलाला ‘ॲपल म्हणजे सफरचंद’ असे सांगितले, तर त्याला एका अनोळखी शब्दाच्या बदल्यात दुसरा अनोळखी शब्द मिळतो.

याची किंमत दहावीला कळते. मुलगी इंग्रजीत अडकली की वसतिगृह सुटते. घरी गेली की शेतावर, नाहीतर मजुरीला आईबापांच्या मागे जाते. ‘परीक्षेला परत बसेन’ म्हणून गेलेल्या मुली परत न आलेल्या मी पाहिल्या आहेत. नर्सिंगला जायची इच्छा असलेली हुशार मुलगी एका विषयापायी थांबते, तेव्हा त्या वाडीत येऊ शकणारी एक परिचारिकाही थांबते.

मग आपण म्हणतो, ‘आता इंटरनेटवर सगळे फुकट आहे.’ हे पुष्कळसे खरे आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 पासून आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की त्या पाठाचे साहित्य उघडते, आणि ते उतरवून घेऊन नंतर रेंज नसतानाही पाहता येते. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘टीचिंग इंग्लिश’वर तयार पाठ-आराखडे आहेत. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवायला 1943 साली सुरुवात केली. आज त्यांचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ लेखी मजकुरासह ऐकायला मिळते. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांची सचित्र पुस्तके चार वाचन-पातळ्यांत लावलेली आहेत. तीच गोष्ट मराठीतही आणि इंग्रजीतही मिळू शकते. तिचा परवाना खुला आहे, म्हणून ती छापता येते, वाटता येते, आपल्या भाषेत उतरवताही येते.

एवढे सगळे असताना शिक्षक वापरत का नाहीत? माझ्या पाहण्यात तरी आळस हे कारण नाही. कारणे साधी आहेत. शाळेत रेंज नसते. टेकडीवरच्या एका ठरावीक दगडापाशी ती येते. संध्याकाळी वसतिगृहाची जबाबदारी असते. त्यातून पंधरा मिनिटे काढून सर फोन उघडतात, इंग्रजीच्या पाठासाठी शोध घेतात, आणि समोर हजारो गोष्टी येतात. यातले पाचवीच्या वर्गाला उद्या काय चालेल, हे त्यांना कोण सांगणार? ते फोन बंद करतात आणि उद्या पुन्हा फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून देतात. साहित्याचा तुटवडा आता राहिलेला नाही. त्यातून निवडून देणारे आणि सोबत बसणारे माणूस तिथे नाही.

दुसरी अडचण अशी की यातले बरेच साहित्य वेगळ्या वर्गासाठी बनलेले आहे. बारा विद्यार्थी, फिरायला मोकळी जागा, झेरॉक्स मशीन शेजारी, असा वर्ग त्यात गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे पंचेचाळीस मुले सतरंजीवर बसतात. म्हणून साहित्य जसेच्या तसे उचलता येत नाही, त्याला आपल्या मातीत रुजवावे लागते. एक उदाहरण देते. परदेशी दुकानातल्या खरेदीचा एक संवाद होता: ही वस्तू कितीला, ती कितीला, मला दोन द्या. आंबेगावातल्या एका मॅडमनी त्या संवादातली वाक्ये ठेवली आणि दुकान काढून टाकले. त्याजागी आठवडे बाजार आणला. निम्मी मुले विकणारी, निम्मी घेणारी. विकायला हिरडा, तांदूळ, कोंबडी. हिरड्याचा भाव त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगला माहीत! ‘हाऊ मच इज धिस?’ हा प्रश्न त्या दिवशी वर्गात कितीतरी वेळा विचारला गेला, आणि तो पाठ करून घ्यावा लागला नाही. छापील पाठ वीस मिनिटांचा होता. बाजार मोडायला तासाची घंटा व्हावी लागली.

गोष्टीच्या पुस्तकाचेही असेच. आम्ही पहिल्या पातळीचे एकच पुस्तक निवडतो. रेंज असते तिथे ते उतरवून मेमरी कार्डवर घेतो. वर्गात आधी चित्रे दाखवतो आणि ‘काय चालले आहे?’ असे मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत सांगू देतो. मग तीच गोष्ट मराठीत. मग इंग्रजीत, सावकाश, चित्रावर बोट ठेवून. त्याच दिवशी मुलांना वाचायला लावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवतो, तिसऱ्या दिवशी मुले वाक्य पुरे करतात, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी स्वतःहून वाचायला उठते. आठवड्याला एक पुस्तक. वर्षाला वीस-पंचवीस पुस्तके झाली, तरी पाठ्यपुस्तकातला धडा मुलाला परका वाटत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुलाची भाषा शिक्षकाला येतेच असे नाही. 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप आणले. सुरुवातीच्या भाषांत भिली आणि गोंडी आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण बोली दर काही कोसांवर बदलते. म्हणून मी शिक्षकांना सांगते, ॲपने दिलेला शब्द आधी मुलांना विचारा. ‘आमच्यात असं नाही म्हणत’ असे मूल म्हणाले, तर त्याच्याकडून योग्य शब्द घ्या आणि फळ्यावर लिहा. त्या क्षणी मूल शिकवते आणि सर शिकतात. गप्प बसणारी मुले अशाच वेळी बोलायला लागतात.

भाषेची ही देवाणघेवाण आपल्या पुण्याला नवी नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून कोश केले. मोल्सवर्थांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. शेतीची अवजारे, धान्ये, झाडे यांचे जे गावठी शब्द आजच्या छोट्या कोशांत सापडत नाहीत, ते तिथे पुष्कळदा सापडतात. तेही शिक्षकाच्या कामाचे ऑनलाइन साधन आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. अनेक शिक्षकांना इंग्रजी वाचता येते, पण बोलायची सवय नसते. ते स्वतः मराठी शाळांत शिकले, डी.एड. झाले, आणि इंग्रजीत बोलायला त्यांना आयुष्यात कोणी भेटलेच नाही. मुलांसमोर चुकू या भीतीने ते इंग्रजीचा तास मराठीत घेतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण ऐकायला मजकूर आणि बोलायला माणूस मिळाले, की हेच शिक्षक सहा महिन्यांत बदलतात. सहा मिनिटांचा एक कार्यक्रम उतरवून घ्यायचा, एसटीत बसून दोनदा ऐकायचा, मग लेखी मजकूर पाहायचा, आणि रविवारी कोणाशी तरी त्याच विषयावर दहा मिनिटे इंग्रजीत बोलायचे. यातले पहिले तीन फोन करतो. चौथ्यासाठी माणूस लागतो.

राज्यात याचा मोठा अनुभवही आहे. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून ‘तेजस’ नावाचा उपक्रम नऊ जिल्ह्यांत चालवला. त्यात बाहेरून तज्ज्ञ येऊन भाषण देऊन गेले, असे नव्हते. जवळपासच्या प्राथमिक शाळांतले शिक्षक गटाने एकत्र बसत. गट चालवणारा त्यांच्यातलाच एक शिक्षक असे. ते वर्गात काय करून पाहिले ते एकमेकांना सांगत, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलत. मला त्यातून एकच धडा घ्यावासा वाटतो: शिक्षक शिक्षकांच्या संगतीत शिकतो, आणि ऑनलाइन साहित्य त्या संगतीत कामाला येते. संगत नसेल तर ते फोनमध्ये पडून राहते.

आता आपल्याविषयी. आपण देणारी माणसे आहात, म्हणून स्पष्ट बोलते. एका शाळेत मी कोऱ्या खोक्यातले संगणक कुलूपबंद कपाटात पाहिले. कोण्या भल्या दात्याने ते दिले होते. पण वीज टिकत नव्हती, दुरुस्तीला माणूस नव्हता, आणि काही बिघडले तर जबाब द्यावा लागेल म्हणून कोणी हात लावत नव्हते. देणाऱ्याचे मन मोठे होते. मात्र काय हवे, हे शिक्षकाला कोणी विचारले नव्हते. म्हणून आपण आधी विचारू या. मी विचारले तेव्हा शिक्षकांनी मागितले ते असे: चार्ज होणारा एक छोटा स्पीकर, दोन मेमरी कार्डे, आणि गोष्टींच्या पुस्तकांच्या रंगीत छापील प्रती, प्लॅस्टिकच्या कव्हरात, म्हणजे मुलांच्या हाती टिकतील.

याहून मोठी मागणी वेळेची आहे. आपल्यात बँकेत, शाळेत, इस्पितळात इंग्रजीत काम केलेली किती तरी माणसे आहेत. आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, महिन्यातून एक संध्याकाळ: शिक्षकाने सांगितलेल्या पाठाला शोभेल असे साहित्य शोधायचे, पाहायचे, आणि त्यातले फक्त एक पाठवायचे. दहा दुवे पाठवणे म्हणजे मदत नव्हे, ते आपले काम शिक्षकावर टाकणे आहे. दुसरी, आपला आवाज: खुल्या परवान्याची गोष्ट सावकाश, स्पष्ट वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायची. परदेशी उच्चारापेक्षा आपल्या मावशीच्या आवाजातले इंग्रजी मुलांना लवकर समजते, हा माझा अनुभव आहे. तिसरी, आठवड्याला पंधरा मिनिटे एका शिक्षकाशी फोनवर इंग्रजीत गप्पा. त्यांच्या चुका काढत बसू नका. पावसाविषयी, भातलावणीविषयी, घरच्या लेकरांविषयी बोला.

दोन पथ्ये मात्र पाळा. आपला संबंध शिक्षकाशी राहील. मुलांचे फोन नंबर घेऊ नयेत, फोटो मागू नयेत आणि कुठे टाकूही नयेत. आणि ज्या साहित्याला वाटण्याची परवानगी नाही, ते फुकट मिळाले तरी छापून वाटू नये. चांगल्या कामालाही सरळ वाट असावी.

बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात पैशांचा रकाना नाही. नाव, आठवड्यातला मोकळा वार, आणि वरच्या तीनपैकी काय जमेल, एवढेच लिहायचे आहे. जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा ज्या शिक्षकांनी सोबत मागितली आहे त्यांच्यापैकी प्रत्येकाला एक नाव देता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. जाण्यापूर्वी आपला वार लिहून जा.