स्वागताध्यक्षीय भाषण : बावखलांच्या गावात


विरार लोकलमधून ज्या अवस्थेत आपण इथवर पोहोचलात, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. ती गर्दी स्वागत समितीच्या हातात नाही. बाकीच्या उणिवा मात्र सर्वस्वी आमच्या.

आमच्या सोपाऱ्याला अशोकाचे लेख सापडले. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इथली घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली. हे आपण वाचलेच असेल. पण माझ्या लेखी आमचे खरे वैभव म्हणजे बावखल! वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसात ते भरायचे, पाणी मुरायचे, शेजारच्या विहिरी गोड राहायच्या. समुद्र इतका जवळ, तरी केळी आणि पानवेली तरारून यायच्या, त्या या पाण्यावर. आमचे आजोबा उन्हाळ्यात गाळ काढायला घरोघर हाक देत. पाणी साऱ्या आळीचे. पाटी उचलायला माणसे चारच. पुढे नळ आले आणि कित्येक बावखले बुजवून वर इमारती उठल्या. असो, हा विषय निघाला की मी आवरत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर या परिषदेच्या विषयातले मला बेताचेच कळते. हे भाषण मात्र नातवाने बसवून दिलेल्या लिनक्सवर टंकले आहे. तो सांगतो, २०१४ साली हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा सुरक्षित संपर्कासाठी जगभर वापरले जाणारे ओपनएसएसएल सांभाळायला पूर्णवेळ माणूस एकच होता. त्याच वर्षी ओपनबीएसडी ही मुक्त प्रणाली रचणाऱ्यांना विजेच्या बिलासाठी वर्गणी मागावी लागली. वर्गणीचे दुःख मी जाणतो! तिथेही बावखलासारखेच: वापरणारे सारे, सांभाळणारे मोजके. म्हणून अडले की आधी आपण खटपट करावी, जमले तर ते लिहून ठेवावे. पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियलमधून लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. तेवढे तरी ऐकावेत.

मंडपवाले, केळ्यांचे घड पाठवणारे वाडीवाले, खुर्च्या देणारी शेजारची मंडळी आणि नाव न घेण्याच्या अटीवर जनरेटर देणारे सद्गृहस्थ, सर्वांचे ऋण मानतो. पंखे दोन कमी आहेत, वाय-फाय रुसते, चहा थोडा उशिरा येईल. सांभाळून घ्यावे.

शेवटी एक विनंती. दुपारच्या पंगतीला वाढपी चारच आहेत. प्रत्येक रांगेतल्या दोघांनी जेवायला बसण्याआधी वाढायला यावे.